बाल-आसन, मोटारगाडीतील

मोटारगाडीतून प्रवास करणाऱ्या तान्ह्या व लहान मुलांना धडकेच्या वेळी धरून ठेवण्यासाठी बनवलेले स्वतंत्र आसन. व्यवहारात यालाच कार सीट किंवा बेबी सीट म्हणतात. गाडीचा सीटबेल्ट मोठ्या माणसाचा खांदा, छाती आणि कमरेची हाडे गृहीत धरून बसवलेला असतो. ज्यांच्या अंगात हा आधार अजून तयार झालेला नाही, त्यांच्यासाठी हे आसन असते. त्याचे चार प्रकार रूढ आहेत : तान्ह्या बाळासाठी उचलायची कडी असलेले, मागच्या काचेकडे तोंड करून बसवायचे आसन, आधी मागे आणि मोठेपणी पुढे तोंड करता येणारे परिवर्तनीय आसन, फक्त पुढे तोंड असलेले पाच पट्ट्यांचे आसन, आणि मुलाला उंच करून गाडीचाच पट्टा योग्य हाडांवर आणणारे बूस्टर.

शरीररचना व धडक : नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते, प्रौढात हे प्रमाण सातव्या-आठव्या हिश्शावर येते. बाळाच्या मानेचा प्रत्येक मणका म्हणजे कूर्चेने जोडलेले हाडाचे तुकडे असतात आणि ते पूर्ण जुळून यायला काही वर्षे जातात. समोरून धडक बसली की पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचे धड पट्ट्यांत अडते, जड डोके मात्र पुढे फेकले जाते आणि सारा ताण मानेवर येतो. मागे तोंड असेल तर डोके, मान आणि पाठ एकदमच आसनाच्या टणक कवचात रेलतात व जोर पाठभर पसरतो. थोड्या मोठ्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे. पट्टा अडकून राहावा असे कमरेच्या हाडाचे पुढचे उंचवटे साधारण दहाव्या वर्षाच्या आसपास पुरेसे वाढतात. तोपर्यंत बूस्टरशिवाय लावलेला पट्टा वर सरकून मऊ पोटावर येतो, आणि आतडी व कण्याला गंभीर इजा होते.

बाळाला मांडीवर घट्ट धरले की ते सुरक्षित, हा समज फार खोलवर रुजलेला आहे. तो चुकीचा आहे. ताशी ५० किमी वेगाची गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर १० किलोच्या बाळाला जागेवर धरून ठेवायला सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. प्रत्यक्षात थांबण्याचा काळ याहूनही कमी असू शकतो. एवढा जोर कोणत्याही आईबापाच्या हातात नसतो. आई स्वतः बिनपट्ट्याची असेल तर तिच्या अंगाचा भारही बाळावरच येतो, आणि दोघांना मिळून एकच पट्टा लावला तर तो बाळाच्या अंगात रुततो.

उगम : पहिले बाल-आसन कोणते, याचे उत्तर ‘पहिले’ कशाला म्हणायचे यावर ठरते. अमेरिकेतील बनी बेअर कंपनीचे १९३० च्या दशकातील (बहुधा १९३३) आसन अनेक ठिकाणी आद्य म्हणून दाखवले जाते. परंतु मूल एका जागी बसावे आणि पुढे गाडी चालवणाऱ्या आईवडिलांना ते दिसत राहावे, एवढाच त्याचा हेतू होता. १९४० च्या दशकात आलेली, गाडीच्या सीटच्या पाठीवर अडकवायची आसनेही त्याच जातीची. धडकेचा विचार करून केलेली रचना १९६२ च्या सुमारास दोन ठिकाणी दिसते. ब्रिटनमध्ये जीन एम्स यांनी इंग्रजी वाय अक्षरासारखा पट्टा असलेले, मागच्या सीटवर बसवायचे आसन तयार केले. अमेरिकेत कोलोरॅडोतील लेनर्ड रिव्हकिन यांनी धातूच्या चौकटीचे आसन पुढे आणले. ब्रिटिश लेखनात एम्स यांना, तर अमेरिकी लेखनात रिव्हकिन यांना अग्रमान मिळतो. दोन्ही कामे स्वतंत्रपणे झाली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

मागे तोंड करून बसवण्याची कल्पना मात्र स्वीडनची, याबाबत फारसा मतभेद नाही. गोथेनबर्ग येथील चाल्मर्स तंत्रविद्यापीठाशी संबंधित बर्टिल आल्डमन हे तिचे जनक मानले जातात आणि व्होल्वो कंपनीने अशा नमुन्याची चाचणी १९६४ मध्ये घेतल्याचे सांगितले जाते. अमेरिकेच्या जेमिनी यानातील अंतराळवीर उड्डाणाचा दाब पाठीवर झेलतात, हे पाहून आल्डमन यांना ही कल्पना सुचली, अशी कथा सर्वत्र आढळते. तिच्यात कालक्रमाची एक अडचण आहे. माणसे घेऊन गेलेले जेमिनीचे पहिले उड्डाण मार्च १९६५ चे, म्हणजे नमुन्याच्या चाचणीनंतरचे. जेमिनी योजना त्याआधीच जाहीर झालेली होती, आणि १९६१ पासून माणसे घेऊन उडणाऱ्या अमेरिकेच्याच मर्क्युरी यानांतही अंगाबरहुकूम घडवलेली पाठटेकू आसने होती. तेव्हा प्रेरणा अंतराळयानाची असावी, पण ती एखादे विशिष्ट उड्डाण पाहून मिळाली हा तपशील मागाहून जोडला गेला असावा, असे मानण्यास जागा आहे. व्होल्वोने १९६७ मध्ये पुढची सीट उलटी फिरवून बाळाला मागे तोंड करून बसवण्याची सोय दिली व १९७२ मध्ये स्वतंत्र आसन बाजारात आणले. बूस्टर उशीही त्याच दशकात आली. अमेरिकेत फोर्डचे ‘टॉट गार्ड’ आणि जनरल मोटर्सचे ‘लव्ह सीट’ ही आसने १९६० च्या दशकाच्या अखेरची.

कायदे व मानके : अमेरिकेचे पहिले संघीय मानक (क्र. २१३) १९७१ मध्ये लागू झाले. आसन वापरण्याची सक्ती प्रथम टेनेसी राज्याने १ जानेवारी १९७८ पासून केली. तिच्यामागे रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञांचा पाठपुरावा होता. बाळ मोठ्यांच्या हातात असेल तर आसन नको, अशी पळवाट त्या कायद्यात आरंभी ठेवली गेली होती. ती १९८१ मध्ये काढून टाकावी लागली. १९८५ पर्यंत सर्व अमेरिकी राज्यांत असे कायदे झाले. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे प्रसूतीच्या वेळीच कळते, कारण बाळाला घरी सोडताना गाडीत आसन आहे का, याची विचारणा बहुतेक रुग्णालये करतात.

संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा नियम क्र. ४४ हा १९८१ पासूनचा. त्यात आसनांचे गट वजनावर होते : ‘०’ (१० किलोपर्यंत), ‘०+’ (१३ किलोपर्यंत), ‘१’ (९ ते १८), ‘२’ (१५ ते २५) आणि ‘३’ (२२ ते ३६ किलो). २०१३ मध्ये आलेल्या नियम क्र. १२९ मध्ये उंची हा आधार धरला गेला, बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणी आली आणि १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड ठेवणे बंधनकारक झाले. जुन्या नियमाची नवी आसने विकणे युरोपीय संघात सप्टेंबर २०२४ पासून थांबले. भारताचे एआयएस-०७२ हे मानक मुख्यतः नियम ४४ वर बेतलेले आहे, त्यामुळे आपल्याकडील वेष्टनांवर हे गट अजून दिसतात.

मागे तोंड किती काळ : या विषयातला सर्वांत लांबलेला वाद हा आहे. स्वीडनमध्ये साधारण चार वर्षांपर्यंत मागे तोंड ठेवण्याची जुनी पद्धत आहे. अमेरिकी बालरोग अकादमीने २०११ मध्ये दोन वर्षांची शिफारस केली. त्यामागे २००७ मधील एका शोधनिबंधाचे मोठे पाठबळ होते. एक ते दोन वर्षे वयाच्या मुलांना पुढे तोंड करून बसवल्यास इजेचा धोका कित्येक पटींनी वाढतो, असे त्यात म्हटले होते. पुढे त्यातील गणितावर आक्षेप घेतले गेले, तीच आकडेवारी पुन्हा तपासल्यावर फरक संख्याशास्त्रीय कसोटीला उतरला नाही, आणि निबंध मागे घेतला गेला. अकादमीने २०१८ मध्ये वयाची अट काढली व आसनाची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मागे तोंड ठेवावे, असे सांगितले. एका निबंधाचा आधार गेला म्हणून मूळ तत्त्व कोसळत नाही. स्वीडनचा दीर्घ अनुभव, चाचणी-पुतळ्यांच्या मानेवर मोजलेला ताण आणि वर दिलेली शरीररचना या तिन्ही गोष्टी एकाच बाजूला बोट दाखवतात. पाय दुमडतात, गुडघे वर येतात, म्हणून मूल पुढे फिरवण्याची घाई होते. त्या वयाची मुले मांडी घालून आरामात बसतात.

दुसरा वाद अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी उपस्थित केला. दोन वर्षांवरील मुलांचा जीव वाचवण्यात साधा पट्टाही आसनाइतकाच प्रभावी ठरतो, असा निष्कर्ष त्यांनी अमेरिकेतील प्राणघातक अपघातांच्या नोंदींवरून काढला. इतर संशोधकांना पद्धत बदलल्यावर आसनाचा स्पष्ट फायदा दिसला. शिवाय मृत्यूची नोंद म्हणजे इजेची नोंद नव्हे. पोट आणि कणा वाचवण्याच्या दृष्टीने बूस्टर वापरणेच इष्ट, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

निवड : मुलाचे वजन व उंची, गाडीची मागची सीट आणि रोज बसवणाऱ्याला जमेल अशी रचना, या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे, महाग आसन नीट बसत नसेल तर त्याचा उपयोग नाही. प्रमाणित आसनावर नारिंगी पट्टी व वर्तुळातील इंग्रजी ई आणि देशाचा क्रमांक असतो (१ जर्मनी, ४ नेदरलँड्स). नुसती कापडी गादी आणि चार पट्टे अशी स्वस्त ‘आसने’ ऑनलाइन मिळतात. त्यांना कवच नसते. ती घेऊ नयेत. वापरलेले आसन फक्त ओळखीच्यांकडून आणि त्याला अपघात झालेला नाही याची खात्री असेल तरच घ्यावे, कारण प्लॅस्टिकमधला बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही. कवचावर उत्पादनाची तारीख असते. बहुतेक उत्पादक सहा ते दहा वर्षांची मुदत देतात.

आयसोफिक्स ही आसन थेट गाडीच्या सांगाड्याला जोडण्याची पद्धत (आंतरराष्ट्रीय मानक १९९९). सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीत एकमेकींपासून २८० मिमी अंतरावर दोन पोलादी कड्या असतात. त्यांत आसनाचे आकडे ‘खट्’ आवाज करून बसतात. तिसरा आधार म्हणून वरचा पट्टा किंवा गाडीच्या तळावर टेकणारा पाय लागतो. पट्ट्याने बसवलेले आसन कमी सुरक्षित असते असे नाही, ते चुकीचे बसण्याची शक्यता मात्र जास्त असते.

बसवणे व वापर : मागची सीट हीच योग्य जागा. पुढच्या सीटसमोर एअरबॅग चालू असेल तर मागे तोंड असलेले आसन तिथे कधीही ठेवू नये. एअरबॅग ताशी सुमारे ३०० किमी वेगाने फुगते आणि आसनाच्या पाठीवर, म्हणजे नेमक्या बाळाच्या डोक्यामागे आदळते. १९९० च्या दशकात अमेरिकेत बाळे अशी दगावल्यानंतर ऊन-झडपेवर (सन व्हायझर) इशारा छापणे सक्तीचे झाले.

आसन बसवल्यावर जिथून पट्टा जातो तिथे धरून हलवावे. अडीच सेंटिमीटरहून जास्त हलता कामा नये. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांतील पट्टे फक्त जोराचा हिसका बसल्यावर अडकतात, एरवी सैल सुटतात. म्हणून आसनावर गुडघ्याने भार देऊन पट्टा ओढून घ्यावा आणि आसनाचा स्वतःचा चाप असल्यास तो लावावा. खांद्याचे पट्टे मागे तोंड असताना बाळाच्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून, पुढे तोंड असताना रेषेत किंवा किंचित वरून निघावेत. ते पुरेसे घट्ट आहेत का, हे चिमटीने कळते : खांद्याजवळचा पट्टा अंगठा आणि तर्जनीत उभा धरून पाहावा, घडी पकडता आली तर तो सैल आहे.

आपल्याकडे बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून गाडीत आणले जाते. तसे बाळ आसनात नीट बसत नाही, कारण मधला पट्टा दोन पायांमधून जावा लागतो. आधी पट्टे लावावेत, मग वरून दुपटे पांघरावे. स्वेटर किंवा जाड कुंची पट्ट्याखाली असेल तर धडकेत ती दबते आणि पट्टा सैल पडतो. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात उन्हात उभ्या गाडीतल्या बकलाचा धातू चटका देण्याइतका तापतो. बाळ ठेवण्यापूर्वी हात लावून पाहावे. बंद गाडीत बाळाला एकटे सोडणे सावलीतही धोक्याचे असते.

नवजात बाळाची हनुवटी छातीवर टेकली तर श्वास अडू शकतो, म्हणून आसनाचा कल उत्पादकाच्या खुणेनुसार ठेवावा (साधारण ४५ अंश). गाडीतून उतरल्यावर बाळाला त्याच आसनात झोपू देऊ नये. ३७ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांना आसनात बसवून प्राणवायूची पातळी पाहण्याची शिफारस अमेरिकेत आहे. आपल्याकडे आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्यावे. लांबच्या प्रवासात वरचेवर थांबून बाळाला बाहेर काढावे.

भारत व महाराष्ट्र : मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ च्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालील मूल पट्टा किंवा बाल-आसनाविना असल्यास १,००० रुपये दंड आहे. कायद्याने ‘किंवा’ म्हटल्यामुळे तीन वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा लावूनही नियम पाळला जातो. सुरक्षितता साधत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात मागे बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला आणि मागच्या सीटवरील पट्ट्याची चर्चा राज्यात घरोघरी पोहोचली. बाल-आसनापर्यंत ती क्वचितच गेली.

गाड्यांच्या धडक-सुरक्षेला तारे देणाऱ्या, ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅप चाचणीत मुलांच्या सुरक्षिततेला ४९ पैकी वेगळे गुण मिळतात. त्यासाठी दीड आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे वापरतात. हे गुण विशिष्ट आसनासह मिळालेले असतात. गाडी घेताना तारे मोजण्याबरोबर ते आसन कोणते होते, हेही अहवालात पाहावे.

दुचाकीसाठी फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेल्या नियमानुसार चार वर्षांखालील मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा व नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट लागते आणि वेगमर्यादा ताशी ४० किमी आहे. रिक्षात आसन बांधायला पट्टाच नसतो. टॅक्सीत स्वतःचे आसन नेता येते, पण मागच्या पट्ट्यांची बकले बऱ्याचदा सीट-कव्हरखाली दडपलेली असतात. गाडी ठरवतानाच चालकदादांना ती वर काढून ठेवायला सांगावे.