वार्धक्यातील श्वेतद्रव्य आणि स्वभाववैशिष्ट्ये

मेंदूचे निरनिराळे भाग एकमेकांशी जोडणाऱ्या चेतातंतूंच्या जाळ्याला श्वेतद्रव्य म्हणतात. तंतूंवर मायलिनचे स्निग्ध आवरण असते. त्यामुळे ते पांढरट दिसतात आणि त्यांतून संदेश वेगाने जातात. प्रौढ मेंदूचा जवळजवळ अर्धा भाग या जाळ्याने व्यापलेला असतो. साठी-सत्तरीनंतर त्याची स्थिती आणि माणसाचा स्वभाव यांत संबंध आढळतो. मात्र तो क्षीण आहे, आणि त्यात कारण कोणते व परिणाम कोणता हे सहज ठरवता येत नाही. एका माणसाचा स्कॅन पाहून त्याचा स्वभाव सांगता येईल, असा दावा कोणी केला तर तो मानू नये.

हे नाते प्रथम जखमांतून लक्षात आले. १८४८ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावताना फिनीस गेज या मुकादमाच्या कवटीतून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण पूर्वीचा जबाबदार माणूस आता लहरी आणि उद्धट झाला, असे त्याच्या डॉक्टरांनी नोंदवले. २०१२ मध्ये संगणकावर त्या जखमेची पुनर्रचना करण्यात आली. तीनुसार मेंदूच्या बाह्यकाचे (बाहेरच्या थराचे) नुकसान सुमारे ४ टक्के, तर श्वेतद्रव्याचे सुमारे ११ टक्के होते. १९३५ मध्ये पोर्तुगीज डॉक्टर एगास मोनिझ यांनी मनोविकारांवर उपाय म्हणून कपाळामागील तंतू मुद्दाम तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. अनेक रुग्ण शांत झाले, पण त्यांची भावना आणि उमेदही गेली. या शस्त्रक्रियेसाठी १९४९ चे नोबेल पारितोषिक दिले गेले, ही वैद्यकाच्या इतिहासातील अत्यंत खेदाची गोष्ट आहे.

वार्धक्यात असा आघात होत नाही. झीज सावकाश होते. डेन्मार्कमधील एका गणनेनुसार विसाव्या वर्षी पुरुषाच्या मेंदूतील मायलिनयुक्त तंतूंची एकूण लांबी सुमारे १,७६,००० किलोमीटर असते. ऐंशीव्या वर्षी ती सुमारे ९७,००० किलोमीटरवर येते. कपाळामागचे तंतू सर्वांत उशिरा पक्व होतात आणि झीजही तिथेच लवकर दिसते. नियोजन, संयम, पुढाकार यांचा भार याच तंतूंवर असतो. श्वेतद्रव्याच्या खोल भागाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या लांब आणि केसासारख्या बारीक असतात. एक बंद पडली की शेजारची सहसा मदतीला येत नाही. म्हणूनच वर्षानुवर्षांचा उच्च रक्तदाब, मधुमेह आणि धूम्रपान यांचा फटका इथे बसतो. एमआरआयच्या फ्लेअर या प्रकारच्या चित्रांत असे झिजलेले भाग पांढऱ्या ठिपक्यांसारखे उजळतात. त्यांची प्रतवारी १९८७ पासून वापरात असलेल्या फाझेकस मापनश्रेणीने ० ते ३ अशी करतात. साठीपुढच्या बहुतेकांत थोडेफार ठिपके असतातच, त्यामुळे ‘फाझेकस १’ वाचून घाबरण्याचे कारण नसते. तंतूंची सूक्ष्म रचना मात्र डिफ्यूजन एमआरआयने पाहतात: निरोगी तंतुगुच्छात पाणी तंतूंच्या दिशेने सरळ सरकते, झिजलेल्या गुच्छात ते इकडेतिकडे पसरते.

स्वभाव मोजण्यासाठी बहुधा पाच घटकांची प्रश्नावली वापरतात: काळजीखोरपणा, बहिर्मुखता, अनुभवांबाबत मोकळेपणा, मनमिळाऊपणा आणि कर्तव्यदक्षता. यांपैकी पहिला आणि शेवटचा घटकच वृद्धांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा पुढे येतो. नॉर्वेत २० ते ८५ वयाच्या २६५ निरोगी व्यक्तींच्या अभ्यासात (२०१३) काळजीखोर स्वभावाच्या व्यक्तींचे श्वेतद्रव्य अनेक भागांत कमी सुस्थितीत आढळले. एडिंबरा येथे १९३६ मध्ये जन्मलेल्यांचा जो गट दीर्घकाळ अभ्यासला जात आहे, त्यात सत्तरीनंतर कर्तव्यदक्ष व्यक्तींचा मेंदू तुलनेने कमी झिजलेला दिसला. या गटाचे वैशिष्ट्य असे की स्कॉटलंडमध्ये १९४७ साली अकरा वर्षांच्या जवळजवळ सर्व मुलांची बुद्धिचाचणी झाली होती. त्यामुळे म्हातारपणचा मेंदू बालपणाशी ताडून पाहता येतो. ही सोय जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

याउलट, अमेरिकेतील १,१०७ विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या २०२० मधील अभ्यासात या पाच घटकांचा आणि मेंदूच्या रचनेचा जवळजवळ काहीच संबंध सापडला नाही. हा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे. तरुणपणी जे दिसत नाही ते म्हातारपणी थोडेसे दिसत असेल, तर त्यामागे मधली चाळीस-पन्नास वर्षे असण्याचा संभव मोठा आहे. नेटक्या स्वभावाचा माणूस रक्तदाबाची गोळी चुकवत नाही, तंबाखूपासून लांब राहतो, रोज चालतो. सततच्या काळजीने शरीरावर ताण राहतो. स्वभाव सवयींतून रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतो, आणि त्यांच्यामार्फत श्वेतद्रव्यापर्यंत.

उलटा प्रवाहही खरा आहे. नॉच३ या एका जनुकातील दोषामुळे होणाऱ्या कॅडासिल या आजारात मेंदूच्या बारीक धमन्या मध्यम वयातच खराब होतात, आणि अनेक रुग्णांत निरिच्छता दिसते. इथे आजार आधी आणि स्वभावातला बदल नंतर. वार्धक्यातील सर्वसाधारण धमनीविकारातही हीच निरिच्छता आढळते. आयुष्यभर सकाळी पेपर वाचून वाद घालणारे आजोबा आता पेपर उघडतच नाहीत. विचारले तर ‘बरं आहे’ म्हणतात, दुःखी दिसत नाहीत, पण सांगितल्याशिवाय आंघोळीलाही उठत नाहीत. घरचे याला आळस किंवा हट्ट समजतात. डॉक्टरही कधी नैराश्य समजतात, पण नैराश्यातील खिन्नता इथे नसते. ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणून अशा बदलाकडे दुर्लक्ष करणे घातक आहे, कारण उतारवयात नव्याने आलेला स्वभाव हे अनेकदा लक्षण असते.

अमेरिकेतील ९९७ कॅथलिक जोगिणी, धर्मगुरू आणि धर्मबंधू यांच्या अभ्यासाने (२००७) आणखी एक पेच उभा केला. अधिक कर्तव्यदक्ष व्यक्तींना अल्झायमर होण्याचे प्रमाण बरेच कमी होते, पण मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंतील विकृतीचा कर्तव्यदक्षतेशी संबंध आढळला नाही. म्हणजे झीज सारखीच असूनही काहींचे भागत होते. सुस्थितीतील तंतूंचे जाळे हा त्या राखीव बळाचा एक भाग असू शकतो.

श्वेतद्रव्याची झीज थोडी मंदावता येते, याचा पुरावा आहे. स्प्रिंट माइंड या अमेरिकी चाचणीत (२०१९) वरचा रक्तदाब १२० च्या खाली ठेवण्याचे लक्ष्य असलेल्या गटात सुमारे चार वर्षांत पांढऱ्या ठिपक्यांचे आकारमान ०.९२ घन सेंटिमीटरने वाढले; १४० चे लक्ष्य असलेल्या गटात ही वाढ १.४५ होती.