न्यूट्रलमध्ये घाट उतरल्याने डिझेल वाचत नाही

कसारा असो की बोरघाट, उतार लागला की न्यूट्रल मार, डिझेल वाचतं, असं ड्रायव्हर लोक वर्षानुवर्षं एकमेकांना सांगतायत पण ते चूक आहे. जुन्या टाटा १६१३ ट्रकचा, कॉम्प्युटर नसलेला मेकॅनिकल डिझेल पंप असला तरी गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिन फिरवतात, आरपीएम (इंजिनचे फेरे) आयडलच्या, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन जेवढं फिरतं त्याच्या वर असतो म्हणून गव्हर्नर (पंपातला डिझेल कमी-जास्त करणारा भाग) डिझेल बंद करतो. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहतं, आणि सगळा लोड ब्रेकवर, लायनर (ब्रेकची घासणारी पट्टी) तापले की ब्रेक लागतच नाही, कृपा करून हे करू नका!! ॲव्हरेज हवंय तर टायरची हवा, एअर फिल्टर, नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) बघा, आणि सपाट रस्त्यावर गाडी थांबवल्यावर एखाद्याच चाकाचा ब्रेक ड्रम जास्त तापलेला वाटला तर तिथे ब्रेक जाम आहे, डिझेल तिथेच जातंय.