लाळग्रंथी कर्करोगातील जनुकीय बदल

लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींतील एखाद्या पेशीत गुणसूत्रे तुटून भलत्याच जागी सांधली गेल्याने, किंवा जनुकातले एखादेच अक्षर बदलल्याने, जे कर्करोग उद्भवतात त्यांच्या मुळाशी असलेले बदल. कानापुढची अनुकर्ण, जबड्याखालची अधोहनू आणि जिभेखालची अधोजिव्ह अशा मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. शिवाय ओठ, टाळू, गालाचे अस्तर इथे शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. बहुतेक गाठी अनुकर्ण ग्रंथीत होतात आणि त्यांतल्या बहुतेक साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या, असतात. ग्रंथी जितकी लहान, तितका तिच्यातल्या गाठीचा संशय अधिक घ्यावा लागतो.

सातारा-सांगलीकडे तोंडाचा कर्करोग म्हटले की मिशरी, तंबाखू, गुटखा हेच डोळ्यांपुढे येते, आणि तोंडाच्या अस्तराच्या कर्करोगाबाबत ते खरेच आहे. लाळग्रंथीच्या कर्करोगाशी मात्र तंबाखूचे नाते तितके स्पष्ट नाही. किरणोत्साराचे आहे : हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांत हे कर्करोग अधिक आढळले. ज्याने आयुष्यात सुपारीचे खांडही तोंडात टाकले नाही, त्यालाही ही गाठ होते. त्याला ‘काय खात होतास?’ म्हणून छळू नये. हे बदल सहसा आनुवंशिकही नसतात. तुटफूट ग्रंथीतल्या एका पेशीत, जन्मानंतर केव्हातरी होते, बीजात नाही. आईला अशी गाठ होती म्हणून लेकीचे स्थळ परत जावे, याला काही आधार नाही.

दोन जनुके जोडली जाऊन काय बिघडते, हे तासगावच्या द्राक्षबागायतदाराला पटकन कळेल. जमिनीत डॉगरिजचा खुंट, वर तास-ए-गणेशची काडी. जोर खुंटाचा, माल काडीचा. लाळग्रंथीच्या सर्वांत नेहमीच्या साध्या गाठीत, म्हणजे मिश्र गाठीत, आठव्या गुणसूत्रावरचे पीएलएजी१ हे जनुक असेच कलम होते. मोठ्या माणसाच्या ग्रंथीत ते जवळपास गप्प असते. तुटून ते अनेकदा तिसऱ्या गुणसूत्रावरच्या, सदा चालू असणाऱ्या सीटीएनएनबी१ जनुकाच्या खुंटावर बसते आणि मग थांबत नाही. ही गाठ साधी खरी, पण वर्षानुवर्षे तशीच ठेवली तर तिच्यात टीपी५३सारख्या, पेशींच्या वाढीला आवर घालणाऱ्या जनुकांचे बिघाड साठून कर्करोग होऊ शकतो. ‘दुखत नाही, राहू दे’ हा सल्ला म्हणूनच चुकीचा.

श्लेष्मा-अधिस्तर (म्युकोएपिडर्मॉइड) कर्करोगात अकराव्या आणि एकोणिसाव्या गुणसूत्रांच्या अदलाबदलीतून सीआरटीसी१–एमएएमएल२ हे जोडजनुक बनते. ते २००३ साली ओळखले गेले. ग्रंथिसम पुटीय (अ‍ॅडेनॉइड सिस्टिक) कर्करोगात सहाव्या आणि नवव्या गुणसूत्रांतून एमवायबी–एनएफआयबी ही जोडी तयार होते (२००९). याच्या पातळ कापाची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली की अनारशाला पडावी तशी गोल भोकांची जाळी दिसते, आणि काचेच्या एखाद्या कोपऱ्यात मज्जातंतूला वेढा घालून बसलेल्या पेशी. वरून गाठ लहान, पण पेशी तंतूच्या कडेकडेने पुढे गेलेल्या. दहा-पंधरा वर्षांनीही फुफ्फुसात उगवणारा हा आजार आहे.

दाणेदार पेशींच्या (अ‍ॅसिनिक सेल) कर्करोगात तर कलमही होत नाही, फक्त शेजार बदलतो. लाळेतली प्रथिने बनवणाऱ्या जनुकांचा चौथ्या गुणसूत्रावरचा सतत चालू असलेला भाग नवव्यावरच्या एनआर४ए३ जनुकाच्या बांधाला येऊन लागतो आणि शेजारच्या मोटारीवर याचे पाणी सुरू होते. हे २०१९ साली कळले.

याच कर्करोगाच्या नावाखाली पूर्वी मोडणाऱ्या काही गाठी वेगळ्या आहेत, हे चेक प्रजासत्ताकातील विकृतिशास्त्रज्ञ अलेना स्कालोव्हा आणि सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवले. त्यांत ईटीव्ही६–एनटीआरके३ हे जोडजनुक होते, जे स्तनाच्या एका विरळ कर्करोगात आधीच माहीत होते. या गाठींना आता स्रावी कर्करोग म्हणतात. हा केवळ नावाचा वाद नव्हे. एनटीआरकेचे जोडजनुक असलेल्या, पसरलेल्या कर्करोगांवर लॅरोट्रेक्टिनिब या औषधाला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली. नाव चुकले तर हे औषध कुणाला सुचणारही नाही. लाळवाहिनीच्या उग्र कर्करोगात हर२ जनुकाच्या प्रती वाढलेल्या असल्यास स्तनाच्या कर्करोगातले ट्रॅस्टुझुमॅब हे औषध वापरले जाते.

सांगली ही हळदीची पेठ. कानाखाली सूज दिसली की गालगुंड समजून हळदीचा लेप बसतो. गालगुंड आठ-दहा दिवसांत उतरते. महिना झाला तरी न हललेली गाठ, तिच्याबरोबर डोळा नीट न मिटणे किंवा तोंड एका बाजूला ओढले जाणे, हे लेपाचे काम नव्हे. मिरजेला मिशनरी डॉक्टर वानलेस यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, दुरून रुग्ण येतात; कराडलाही वैद्यकीय महाविद्यालय आहे. सुईने गाठीतल्या पेशी काढून पहिली तपासणी तालुक्याच्या गावातही होते.

जनुकाची तुटफूट पाहण्याची एक रीत म्हणजे फिश चाचणी, म्हणजे जनुकाच्या कडांना चमकते रंगीत ठिपके चिकटवून पाहणे. अंधाऱ्या खोलीत, काळ्या पडद्यावर निळी केंद्रके. जनुकाच्या एका कडेला लाल ठिपका, दुसऱ्या कडेला हिरवा. जनुक शाबूत असेल तर दोन्ही चिकटून पिवळसर दिसतात. तुटले असेल तर लाल एकीकडे, हिरवा दुसरीकडे. अशा पुष्कळ पेशी मोजूनच निदान लिहितात. त्यासाठी काढलेली गाठ लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये पडावी लागते. नुसत्या बाटलीत रात्रभर राहिलेला तुकडा पुष्कळदा वाया जातो. नंतर तो मेणात बसवून त्याचा बोटाच्या पेराएवढा ब्लॉक करतात. घरी येताना एक्स-रे आणि बिलांची पिशवी सगळे आणतात, ब्लॉकची चौकशी फार थोडे करतात. रुग्णाला तो मागता येतो. आठ-दहा वर्षांनी फुफ्फुसात ठिपके दिसले, तर पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेत आधी मागतात तो हाच जुना ब्लॉक.