न्यायाधीशांच्या निवडणुकीतली प्रचार-नीती (अमेरिका)

अमेरिकेत राज्यांच्या कोर्टांतले बरेचसे न्यायाधीश लोकांच्या मतावर बसतात, फेडरल (केंद्राच्या) कोर्टाचे जज तेवढे राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट मंजूर करतं. निवडणूक म्हटली की टीव्हीवरच्या जाहिराती, फंड, भाषणं सगळं आलंच, पण उद्या खटला ऐकायला बसणाऱ्या माणसाने आज प्रचारात काय बोलावं आणि पैसे कसे घ्यावेत यावर जी बंधनं आहेत त्यांना प्रचार-नीती म्हणतात. बंधन मोडल्याची तक्रार होते, तक्रारीची बातमी होते आणि बातमी आली की मीडिया एका बाजूला झुकलाय असा आरोप होतो, म्हणून हा आरोपही याच विषयाचा भाग धरावा लागतो.

ही पद्धत आली कुठून यावर एकमत नाही. सगळेच जज निवडून देणारं पहिलं राज्य म्हणून मिसिसिपीचं नाव सर्रास घेतात (१८३२), पण जॉर्जियात खालच्या कोर्टांपुरती निवडणूक त्याच्या साधारण वीस वर्षं आधीच आलेली दिसते. खरी लाट न्यूयॉर्कच्या १८४६ च्या संविधानानंतरची. जुने लेखक याचं श्रेय राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनच्या काळातल्या लोकशाहीच्या उत्साहाला देतात, नंतरच्या काहींनी दाखवलं की संविधानसभांत बसलेल्या वकिलांनाच न्यायखात्याची पत वाढवायची होती, आणि तिसरं मत असं की १८३७ च्या मंदीनंतर राज्यं कर्जात बुडाली, विधिमंडळांनी कालव्यांवर वगैरे पैसे उधळले होते, तेव्हा लोकांना विधिमंडळाला लगाम घालू शकतील असे, त्याच्या मेहेरबानीवर न बसलेले जज हवे होते. हे तिसरं मत जास्त पटण्यासारखं आहे, कारण न्यूयॉर्कमध्ये सरकारी कर्जावर मर्यादा घालणारी कलमंही त्याच संविधानात आहेत. म्हणजे जजची निवडणूक आली ती कोर्ट स्वतंत्र राहावं म्हणून, आज मात्र तिच्यावर आक्षेप नेमका उलटा घेतला जातो.

लेखी आचारसंहिता बरीच उशिरा आली. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेने १९२४ मध्ये पहिली संहिता केली, समितीचे अध्यक्ष होते सरन्यायाधीश विल्यम हॉवर्ड टॅफ्ट. पुढे १९७२, १९९० आणि २००७ मध्ये नव्या आवृत्त्या निघाल्या. असोसिएशनचा मसुदा हा नुसता नमुना असतो, तो राज्याने स्वीकारला तरच लागू होतो, त्यामुळे एकच वाक्य एका राज्यात चालतं आणि शेजारच्या राज्यात चालत नाही.

वादग्रस्त मुद्द्यांवर उमेदवाराने मत सांगायचंच नाही ही बंदी मिनेसोटाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००२ साली ५ विरुद्ध ४ अशी उडवली. अमुक केसमध्ये अमुक निकाल देईन असं वचन द्यायला मनाई बहुतेक ठिकाणी अजून आहे, पण मत कुठे संपतं आणि वचन कुठे सुरू होतं ते ठरवणं अवघडच. उलट फ्लोरिडाच्या २०१५ च्या खटल्यात उमेदवाराने स्वतः देणगी मागू नये हा नियम त्याच कोर्टाने टिकवला, तोही ५ विरुद्ध ४.

तक्रारी बघायला प्रत्येक राज्यात कमिशन असतं, पहिलं कॅलिफोर्नियाचं, १९६० सालचं. चौकशी सहसा गुप्त चालते, आणि मीडियाबद्दलच्या संशयाचं मूळ बरंचसं इथेच आहे. तक्रार करणारा पक्ष ऐन प्रचारात ती पत्रकारांना देऊन मोकळा होतो, कमिशन तोंड उघडू शकत नाही, आणि तक्रार फेटाळली गेली तरी ते कळायला महिने जातात. विस्कॉन्सिनमध्ये २०२३ साली राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या उमेदवार जॅनेट प्रोटासिविच यांनी प्रचारात मतदारसंघांच्या नकाशांना ‘रिग्ड’ (हेराफेरीचे) म्हटलं म्हणून रिपब्लिकन पक्षाने तक्रार केली, मतदान एप्रिलमध्ये झालं, कमिशनने ती मेअखेरीस फेटाळली आणि लोकांना ते कळलं सप्टेंबरात, तेही प्रोटासिविच यांनी स्वतः कमिशनचं पत्र उघड केल्यावर. तोवर महाभियोगाची भाषा सुरू झाली होती. अशा गुप्त चौकशीची खरी बातमी छापली म्हणून पेपरला शिक्षा करता येत नाही हे व्हर्जिनियातल्या ‘व्हर्जिनियन-पायलट’ या पेपरच्या खटल्यात १९७८ मध्येच ठरलं, खालच्या कोर्टाने लावलेला ५०० डॉलरचा दंड तेव्हा रद्द झाला.

त्याच विस्कॉन्सिनमधलं २००८ चं प्रकरण नीट बघण्यासारखं आहे. मायकेल गेबलमन यांच्या जाहिरातीत प्रतिस्पर्धी लुई बटलर, जे राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती, यांचा फोटो एका कृष्णवर्णीय बलात्काऱ्याच्या शेजारी होता, बटलरांनी पळवाट शोधली आणि त्या माणसाने पुढे पुन्हा मुलावर अत्याचार केला असा मजकूर. प्रत्यक्षात बटलर त्याचे सरकारी खर्चाने दिलेले वकील होते, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने शिक्षा कायम ठेवली होती आणि दुसरा गुन्हा तो पॅरोलवर सुटल्यावरचा. सुटी सुटी वाक्यं खरी, एकत्र ऐकली की खोटं चित्र. कमिशनने तक्रार दाखल केली, २०१० मध्ये कोर्ट ३-३ असं दुभंगलं आणि शिक्षा झालीच नाही. बातम्यांत दोन्ही बाजूंना सारखी जागा देणं हे इथे न्याय्य नव्हतं असं प्रस्तुत लेखकाचं स्पष्ट मत आहे, कारण जुन्या खटल्याची कागदपत्रं कोणालाही बघता येत होती.

पक्षपात दिसतो आणि पक्षपात असतो यात फरक आहे. स्टॅनफर्डमध्ये १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात १९८२ च्या बैरूत (लेबनॉन) हत्याकांडाच्या त्याच बातम्या इस्रायलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखवल्या, दोघांनाही त्या आपल्याच विरोधात वाटल्या. जजच्या निवडणुकांनाही हे लागू पडावं.

काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) पातळीवर मात्र सगळं विरळ होतं. बऱ्याच गावांतले स्थानिक पेपर बंद पडलेत, तिथल्या तक्रारीवर कोणी लिहीतच नाही, आणि ज्या राज्यांत मतपत्रिकेवर पक्षाचं नाव छापत नाहीत तिथे मतदाराला, त्यात अमेरिकन नागरिक झालेले मराठी लोकही आले, प्रचाराच्या पत्रकावरच भागवावं लागतं.