बेळगावचा समुद्र वेंगुर्ल्याहून गोव्याकडे कसा सरकला

बेळगावहून समुद्र गाठायला वेंगुर्ला आणि पणजी दोन्ही शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तरी दोन दिवस सुट्टी मिळाली की गाड्या जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरतात. हिंडलगा, बाची, शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली हा जुना रस्ता घेणारे कमीच. जुनी बाजारपेठ मात्र याच रस्त्यावर वाढली होती.

वेंगुर्ल्याची डच वखार सतराव्या शतकातली. १८१२ मध्ये हे बंदर सावंतवाडी संस्थानाकडून इंग्रजांकडे गेलं आणि १८१८ नंतर बेळगावात छावणी पडली. छावणीचं सामान बोटीने वेंगुर्ल्याला उतरायचं आणि रामघाटाने वर यायचं. ती चढण बैलगाड्यांच्या जिवावर यायची, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोलीजवळून आंबोलीचा घाट काढला गेला. मग हुबळी-धारवाडकडचा कापूस खाली आणि मीठ, नारळ, सुकी मासळी वर, असा राबता बसला. सावंतवाडीच्या एका इंग्रज अधिकाऱ्याने आंबोलीला थंड हवेचं ठिकाण म्हणून वसवलं, तेही या वाहतुकीच्या आधारानेच.

या सगळ्याला खीळ बसली ती रेल्वेच्या निर्णयाने, आणि तो निर्णय आजही वादाचा आहे. कापसासाठी पश्चिम किनाऱ्यावर एक बंदर हवं, हा विचार जुना होता. त्यासाठी उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रासकडून मुंबई इलाख्याकडे घेतला गेला आणि त्या जिल्ह्यातल्या कारवार बंदराच्या व्यापाऱ्यांना आशा लागली. प्रत्यक्षात २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत तह झाला आणि रूळ गोव्यातल्या मुरगाव बंदराकडे निघाले. मुरगावच्या बाजूचं कारण भक्कम होतं. तिथे आडोसा आहे, पावसाळ्यात जहाज लागतं. वेंगुर्ल्याचं बंदर उघडं, पावसात बंद. पण तहात बंदराइतकंच मीठही होतं. गोव्यातल्या मिठावरचा ताबा इंग्रजांकडे आला आणि बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये ठरले. गोव्यातल्या मिठागरवाल्यांनी त्याविरुद्ध ओरड केली, तिकडच्या इतिहासात तिची नोंद ठळक आहे. आपल्याकडे वेंगुर्ल्याच्या गाडीवानांचं काय झालं, याबद्दल कोणी फारसं लिहिलेलं दिसत नाही. १८८० मध्ये अमलात आलेला तह बारा वर्षांनी, १८९२ मध्ये, संपला. रूळ अर्थातच राहिले. बेळगावला गाडी १८८७ मध्ये आली, पुढच्याच वर्षी दूधसागरवरून घाटमाथ्यावरचं कॅसल रॉक स्टेशन आणि मुरगाव जोडले गेले आणि वेंगुर्ल्याचा व्यापार उतरणीला लागला. कारवारला तर घाटावरून उतरणारी रेल्वे आजवर मिळालेली नाही. बंदर म्हणून मुरगावची निवड चुकली, असं म्हणता येत नाही. पण तयार असलेल्या रस्त्याच्या टोकाचं वेंगुर्ला त्या हिशेबात कुठेच नव्हतं, हे खरं. आज सागरेश्वर किंवा मोचेमाडचा किनारा ‘गर्दी नसलेला’ म्हणून वाखाणला जातो, त्याच्या मुळाशी ही घसरण आहे.

१९५५ मध्ये गोव्याची नाकेबंदी झाली आणि कॅसल रॉकची वाहतूक थांबली. सत्याग्रहींच्या तुकड्या बेळगावातून जात होत्या, सहली मात्र वेंगुर्ला-शिरोड्याकडे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तोवर राज्यांच्या सीमा बदलल्या होत्या. १९५६ मध्ये बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं आणि चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून निघून कोल्हापूरला जोडला गेला. आंबोलीची वाट त्यामुळे बाचीच्या पुढे परराज्यात शिरते. गोव्याची वाटही परराज्यातच जाते, पण तिच्यावर भाषेचं भांडण नाही. सीमाप्रश्न तापला की पहिल्यांदा शिनोळीकडची एसटी बंद पडते. चोर्ल्याच्या गाडीला ती भीती नसते. पर्यटनाच्या चर्चेत हा मुद्दा कोणी काढत नाही.

पुढचं बहुतेकांना आठवत असेल. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला, १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली. बेळगावकरांना या रेल्वेचा थेट उपयोग नव्हता. चोर्ल्याचा रस्ता सुधारल्यावर मात्र अनमोड घाटाचा वळसा वाचला आणि पणजी सकाळी निघून संध्याकाळी परतण्याच्या टप्प्यात आली. सिंधुदुर्गातला चिपी विमानतळ २०२१ मध्ये उघडला, गोव्यातला मोपा २०२३ मध्ये.

याच काळात डोंगर ही वाटेतली जागा न राहता सहलीचं ठिकाण झाला. गोव्याच्या बाजूला म्हादई अभयारण्य १९९९ चं, खानापूरच्या जंगलातलं भीमगड २०११ चं. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आणि चिखलेचा धबधबा पाहून तिथूनच मागे फिरणारे आता कितीतरी. आंबोलीचंही तेच: पावसाळ्यात मुख्य धबधब्याखाली भिजायचं, कावळेसादला धुकं बघायचं, हिरण्यकेशीच्या उगमाशी हात जोडायचे आणि संध्याकाळपर्यंत घरी. वेंगुर्ला तिथून घाट उतरून पुढे राहतो, आणि तेवढं पुढे जायला मुक्काम लागतो.