भेदभाव करणारा तोंडावरूनच कळतो? कुठलं ओ!

आमच्या बेळगावात चहाच्या गाड्यावर हमखास ऐकायला मिळतं, की वंशभेद करणारा उघड शिव्या घालतो, बाकी सगळे अडल्यानडल्याला सारखीच मदत करतात. तसं नाहीये. अमेरिकेत गार्टनर आणि डोव्हिडिओ या दोघा मानसशास्त्रज्ञांचा १९७७ सालचा प्रयोग बघा, शेजारच्या खोलीत एका पोरीच्या अंगावर खुर्च्या पडल्याचा आवाज आणि किंकाळी ऐकवली, ऐकणाऱ्या कॉलेजच्या गोऱ्या पोरी. आपण एकटीच ऐकतोय असं वाटलं तेव्हा जखमी काळी असली तरी ९४ टक्के धावल्या, गोरीसाठी ८१. पण अजून दोघी ऐकतायत म्हटल्यावर गोरीसाठी ७५ आणि काळीसाठी फक्त ३८! म्हणजे "दुसरं कोणतरी बघेल की" ही सबब मिळाली की आतला भेद हळूच बाहेर येतो, आणि त्या पोरींना स्वतःलाही तो कळत नसावा. आपल्याकडं मराठी-कन्नड बघून कोण थांबतं, ते मोजायला पायजे खरं.