मोहाच्या फुलापासून आडव्या बाटलीपर्यंत

दारूबंदीचा विषय निघाला की ‘आदिवासी पीतातच’ हे वाक्य ठरलेलं. त्यांच्याकडे दारू पूर्वापार होती, हे खरंच. चैत्रात पहाटे मोहाची फुलं टपटप पडतात. बायका-पोरं ती टोपलीत वेचतात, सुकवतात. काही खायला, काही विकायला, काही भिजवून गाळायला. देवाला, लग्नाला, मयताला दारू लागायची. तेव्हा सगळं आलबेल होतं असं नाही, पण तिच्यासाठी रोख पैसा मोजावा लागत नव्हता.

१८७८च्या मुंबई अबकारी कायद्यानं हे उलटंपालटं केलं. घरी गाळणं गुन्हा ठरलं. सरकारी देखरेखीखालच्या मोठ्या भट्टीत गाळायचं, कर भरायचा आणि मक्तेदारानं दुकानातून विकायचं, अशी पद्धत बसली. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत लोक चोरून गाळतच राहिले, म्हणून १८९२मध्ये मोहफुलांवरच निर्बंध घालणारा कायदा आला. दुकानदार उधारी द्यायचा; वही त्याची, आकडाही त्याचाच.

आदिवासींनी हे मुकाट्यानं सोसलं नाही. १९२१-२२च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांत ‘देवी’ अंगात येऊ लागली. तिची आज्ञा होती, दारू सोडा. ही लाट पुढे दक्षिण गुजरातेतल्या आदिवासींत पसरली. १९३०च्या दशकाच्या अखेरीस नंदुरबारकडच्या तळोदा भागात गुलाम महाराज या आदिवासी संतांनी भिल्लांना हेच सांगितलं. याला नुसती सुधारणा म्हणणं अपुरं वाटतं. दुकानावर बहिष्कार म्हणजे दुकानदाराच्या उधारीच्या वहीवरही बहिष्कार होता.

स्वातंत्र्यानंतर १९४९चा दारूबंदी कायदा आला. बंदी १९६०-७०च्या दशकांत सैल झाली, देशी दारूची दुकानं परवान्यानं उघडली, पण कायदा तोच राहिला. आजही महाराष्ट्रात दारू विकण्याचे परवाने निघतात ते दारूबंदी कायद्याखालीच! मुंबईच्या झोपडपट्ट्यांत परवान्याची दारूही न परवडणाऱ्यांसाठी हातभट्टी उरली. तिच्यात मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल मिसळलं की शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं. आधी दृष्टी जाते, मग जीव. विक्रोळीत २००४मध्ये आणि मालवणीत २०१५मध्ये हेच झालं. मालवणीत शंभराहून अधिक माणसं गेली.

गुलाम महाराजांच्याच मुलखात, शहाद्याकडे, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आदिवासी बाया गावोगावच्या गुत्त्यांवर चालून गेल्या आणि त्यांनी मडकी फोडली. आधी जमीन-मजुरीचा लढा होता, त्यात नवऱ्याच्या मारहाणीचा प्रश्न बायांनीच आणला. गडचिरोलीतही लोकांच्या रेट्यानं १९९३मध्ये जिल्हाबंदी झाली. चंद्रपुरात २०१५मध्ये झाली, २०२१मध्ये उठली. उपचारांकडे मात्र सरकारचं लक्ष कायम उशिरा गेलं. पुण्यात १९८६मध्ये ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं तेही ब्राउन शुगर या मादक पदार्थाच्या लाटेत, डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकारानं.

२००८च्या नियमानं गावातल्या बायांना मतदानानं दुकान बंद करायचा हक्क मिळाला: उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. अट अशी, की नुसतं झालेल्या मतांतलं बहुमत पुरत नाही. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडायला हवीत. म्हणजे ऊसतोडीला गेलेली, बाळंतपणाला माहेरी असलेली किंवा घरच्यांनी दारातच अडवलेली बाई हिशेबात दुकानदाराच्या बाजूला जाते.